हुकल्याची झेंडी

मी तळ्यावर कपडे धुवायला बसले की पलीकडच्या काठावर एक माणूस हात वर करायचा. मी कपडा दगडावर आपटला की क्षणभर थांबून त्याचा हात वर जायचा. पुन्हा आपटला की पुन्हा हात वर. चार-पाच वेळा असं झालं की तो मान डोलवायचा आणि आपल्या कामाला लागायचा.

लग्न होऊन नवी आले होते तेव्हा मला वाटलं, हा माणूस मला खुणावतो आहे. आठ दिवस मी कोणाला बोलले नाही. नवव्या दिवशी कपडे न धुताच परत आणले आणि सासूबाईंनी कारण विचारलं तेव्हा रडूच आलं. सासूबाई हसत सुटल्या.

"अवं, तो हवालदार हाय! तो तुले नाई पाहून राह्यला, दगडाले पाहून राह्यला."

हे हवालदार म्हणजे आमचे शेजारी नारायणराव. मी त्यांना मामाजी म्हणते, त्यांच्या बायकोला मामी. त्यांचं घर आमच्या वांग्यांच्या वाफ्याला लागून, तळ्याच्या अलीकडे. घरापासून तीस पावलांवर माझा धुण्याचा दगड. त्यांचं शेत मात्र तळ्याला वळसा घालून पलीकडच्या काठाला. त्यामुळे मामाजी दिवसभर त्या काठावर आणि मामी ह्या काठावर.

सासूबाईंनी त्याच संध्याकाळी त्यांना अंगणातून जाब विचारला. मामाजी एकदम सावधानमध्ये उभे राहिले आणि जमिनीकडे बघत म्हणाले, "गलती झाली. सूनबाई, मी तळं मोजून राह्यलो होतो. तुमचा कपडा मले आधी दिसते, धप मंग येते. तेवढ्यात 'एक' म्हनून होते. म्हंजे अर्धा सेकंद. म्हंजे एकशेसत्तर मीटर तळं."

"मंग मोजून झालं ना?" सासूबाई म्हणाल्या. "आता काहून मोजता?"

"पानी कमी-जास्त होते ना वो."

पाणी कमी-जास्त होवो न होवो, त्यांचं मोजणं कधी थांबलं नाही. मलाही त्याची सवय झाली.

मामाजी बावीस वर्षं फौजेत होते. गावातल्या लोकांना वाटायचं, ह्या माणसाने किती शत्रू मारले असतील. ते स्वतः मात्र कोणी विचारलं की लगेच सांगतात, "मी एक बी नाई मारला. मी खड्ड्यात होतो."

ते खरंच खड्ड्यात होते. चांदमारीच्या मैदानावर जवान लांबून निशाण्यावर गोळ्या झाडतात, तेव्हा निशाण्यांच्या खाली एक खोल खंदक असतो. त्यात काही जवान बसतात. डोक्यावरून गोळ्या जातात. गोळीबार थांबला की निशाणा खाली ओढायचा, भोकं बघायची, ठिगळं लावायची, पुन्हा वर करायचा. गोळी लागली असेल तर काठीवरची पांढरी चकती त्या जागेवर धरून दाखवायची. लागली नसेल तर लाल झेंडी निशाण्यापुढे डावी-उजवी हलवायची. झेंडी हलली म्हणजे हुकला. मामाजींच्या नोकरीतली बहुतेक वर्षं ह्यातच गेली.

मामी ह्यावरून त्यांना आजवर सोडत नाहीत. "माह्या बापानं सांगतलं, पोरगा सरहद्दीवर हाय. मी सगळ्या केनवडच्या बजारात मिरवत होती. मंग एक दिवस हे सुट्टीवर आले अन् सांगतात, मी कागदाले ठिगळं लावतो. मी म्हटलं, तं मंग माह्या लुगड्यालेच लावा, तिकडं कायले गेले?"

"ठिगळं नीट लावली नाई तं पुढच्याचा निशाना खोटा दिसते," मामाजी शांतपणे म्हणतात. त्यांना चिडवून घेण्याचीही शिस्त आहे.

ती लाल झेंडी त्यांनी सोडली नाही. खरी झेंडी फौजेचीच राहिली, पण त्यांनी बांबूला लाल कापड बांधून घरी एक केली. आमचे हे गोफणीने ज्वारीवरचे पोपट हाकलत. दगड गेला की पलीकडच्या काठावर लाल कापड डावी-उजवीकडे हलायचं. आमचे हे इथून शिव्या द्यायचे, तिथून झेंडी हलायची. एकदा ग्रामसभेत सरपंच म्हणाले की तळ्याचा रस्ता येत्या महिन्यात होणार, तर सगळ्यात मागे बसलेल्या मामाजींनी उठून झेंडी हलवली. लोक हसले. सरपंचही हसले. रस्ता अजून झालेला नाही.

पण झेंडीच्या बाबतीत ते स्वतः हसत नाहीत. एकदा म्हणे एका मोठ्या साहेबांनी गोळ्या झाडल्या आणि एकही लागली नाही. मामाजींनी झेंडी हलवली. खंदकात फोन असतो, तो वाजला. नीट बघा, म्हणाले. त्यांनी नीट पाहिलं आणि पुन्हा झेंडी हलवली. त्याबद्दल त्यांना दुपारच्या उन्हात बंदूक डोक्यावर धरून मैदानाला फेऱ्या माराव्या लागल्या.

"एक पेन्सिल खुपसली असती कागदात तं काम झालं असतं," मामी म्हणतात.

"भोक नाई तं नाई," मामाजी म्हणतात. "झेंडीपुढं सायेबाचं बी चालत नाई."

गोळीबद्दल बोलायला लागले की त्यांना थांबवता येत नाही. मी चौथीपर्यंत शिकले. त्यांचं बोलणं पहिल्यांदा अर्धं डोक्यावरून गेलं, पण वीस वर्षं एकच गोष्ट ऐकली की दगडालाही पाठ होते.

गोळी बंदुकीतून सुटते ती आवाजाच्या पुढे. आवाज मागून धावत येतो. म्हणून खंदकात बसलेल्या माणसाला डोक्यावर आधी 'कडाक' ऐकू येतं. तो आवाज बंदुकीचा नव्हे, गोळीचा स्वतःचा, ती हवा फाडत जाते त्याचा. मग लांबून बंदुकीचा 'धप' येतो. कडाक आणि धप ह्यांच्यात किती वेळ गेला, त्यावरून बंदूक किती लांब आहे ते समजतं. मामाजी डोळे मिटून सांगत, तीनशे मीटर, पाचशे मीटर. म्हणे कधी चुकले नाहीत.

एकदा एक पोतराज दारात आला आणि त्याने अंगावर आसूड ओढला. मामाजी धावत बाहेर आले. त्याला म्हणाले, "थांब, थांब! हवेतच फोड." त्याने हवेत फोडला. "आता पुन्हा." त्याने पुन्हा फोडला. सात-आठ वेळा झालं तेव्हा पोतराज म्हणाला, "बापा, देवीचं काम हाय का तुमचं?"

"लेका, तुह्या आसूडाचं टोक आवाजाच्या पुढं पयते, तुले मालूम हाय का? तो कडाक म्हंजे गोयीचाच कडाक हाय. तू फौजेतला मानूस हायेस."

पोतराजाने मामींकडे पाहिलं. मामींनी त्याला सूपभर ज्वारी घातली आणि म्हणाल्या, "जा बापू, लवकर जा. नाईतं चहा पाजून शिकवतीन."

ह्या सगळ्यात मामाजींचा सगळ्यात जास्त जीव एका गोष्टीवर. त्यांच्या देव्हाऱ्यात देवांच्या शेजारी काचेच्या चौकटीत एक कागदाचा तुकडा आहे आणि त्या कागदाला एक भोक आहे. गोल नाही, लांबट. कुलपाच्या भोकासारखं. मामी रोज त्यालाही हळदकुंकू लावायच्या, कारण पुसत बसण्यापेक्षा ते सोपं, असं त्या म्हणत.

"गोयी निंगते तवा कशी निंगते? गरगर फिरत, भवऱ्यावानी, सिधी," मामाजी सांगतात. "पयता पयता दमते. लय लांब गेली की एका जाग्यावर तिची चाल आवाजाएवढी होते. आतापर्यंत जो आवाज तिच्या मागं होता, तो आता तिच्या पुढं निंगून जाते. त्या जाग्यावर गोयी डगमगते. दमलेल्या भवऱ्यावानी डोलते. काई सावरतात, काई आडव्या होतात. आडवी झाली की कागदाले असं लांबट भोक. अन् त्याच्या पुढं तिले कडाक बी नाई. नुसती सूं करत येते. खड्ड्यात आमी म्हनत होतो, ही दमेल हाय."

"तुमच्यावानी," मामी म्हणतात.

एकदा मी विचारलं होतं. मी सहसा काही विचारत नाही, म्हणून ते मला आठवतं. मी म्हटलं, मग ती डगमगण्याची जागा टाळता येत नाही का? मामाजींना इतका आनंद झाला की त्यांनी हातातलं खुरपं खाली ठेवलं. म्हणाले, "शाबाश! येते. लहान बंदुकीचे पक्के निशानेबाज मुद्दाम हळू गोयी घेतात. आवाजाच्या खालूनच सुटते, तं तिले ती हद्द ओलांडाचीच नाई. कडाक नाई, काई नाई, अन् गपचूप निशान्यावर. तुमी तशाच हाय, सूनबाई."

हे त्यांनी माझं कौतुक केलं की काय, मला कळलं नाही. घरी आल्यावर यांना सांगितलं, तर हे म्हणाले, "तुले बंदूक म्हटलं म्हनजे कौतुकच असन."

दोन वर्षांपूर्वी मामी अंगणात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण चालणं परत आलं नाही. त्या आता ओसरीवर बाजेवर असतात. बाजेच्या कडेला पितळेचं ताट आणि लाटणं. पाणी हवं असेल, कूस बदलायची असेल, काही लागलं तर त्या ताट वाजवतात. पलीकडच्या काठावर मामाजी खुरपं टाकतात आणि बांधावरून वळसा घालून येतात. ताटाचा आवाज जायला अर्धा सेकंद, मामाजींना यायला सहा मिनिटं. ते दोन्ही त्यांनी मोजलेलं आहे.

त्यांचा मुलगा प्रकाश अकोल्याला नोकरीला आहे. तिसऱ्या मजल्यावर घर. तो चांगला मुलगा आहे. दर वेळी येऊन म्हणायचा, दोघंही चला. मामी म्हणायच्या, "तिथं भिताडं पाहू का? इथं मले तळं दिसते, तुहा बाप दिसते." शेवटी प्रकाशने एक अट घातली. जोवर बाबांना ताट ऐकू येतं तोवर राहा. ज्या दिवशी ऐकू येणार नाही त्या दिवशी सामान बांधायचं. मामाजींनी ते मान्य केलं. त्यांना अट आवडली, कारण ती मोजता येण्यासारखी होती.

ह्या उन्हाळ्यात एक दिवस मी दगडावर बसले होते. चादर पिळून वर उचलली आणि आपटणार तोच दिसलं की दगडावर एक इवलासा बेडूक बसला आहे. मी हात आवरला आणि चादर हळूच बाजूला टेकवली. काहीच आवाज झाला नाही.

पलीकडे मामाजींनी हात वर केला. अगदी वेळेवर.

मला वाटलं, दुसऱ्या कोणाचा आवाज असेल. पण तळ्यावर मी एकटीच होते. मी बेडकाला उठवलं, चादर पुन्हा उचलली आणि पुन्हा हळूच टेकवली. पुन्हा क्षणभर थांबून हात वर. मग मी जोरात आपटली. त्यालाही हात तसाच.

मी कपडे तसेच ओले घेऊन घरी आले. एखाद्याच्या घरात न विचारता डोकावून आल्यासारखं वाटत होतं. बावीस वर्षं डोक्यावरून कडाक गेले होते. त्यांनी कान खाल्ले असणार. कधीपासून, ते कोणाला माहीत! माझा दगड आणि मामींची ओसरी एकाच बाजूला, जवळजवळ तेवढ्याच अंतरावर. ज्यांना धप ऐकू येत नाही त्यांना ताटही ऐकू येत नसणार.

मग आठवलं की अलीकडे ताट पुष्कळ वेळ वाजायचं. एकदा मीच आत जाऊन मामींना पाणी दिलं होतं. तेव्हा मामी म्हणाल्या होत्या, "वारा उलटा हाय आज." मी तेव्हा मान हलवली होती. त्या दिवशी झाडाचं पानही हलत नव्हतं.

चार दिवसांनी मी वाफ्यात कोथिंबीर तोडत होते आणि ताट वाजायला लागलं. थांबेचना. मी ओसरीकडे धावले, तर मामी बाजेवरून अर्ध्या खाली घसरल्या होत्या. एका हाताने बाजेची कड धरलेली, दुसऱ्या हाताने ताट चालूच. मी त्यांना उचलायचा प्रयत्न केला, पण एकटीला जमेना. आमचे हे माल घेऊन रिसोडला गेले होते. पलीकडे मामाजी आमच्याकडे तोंड करून ढेकळं फोडत होते. हाक मारावी म्हटलं तर माझ्या गळ्यातून कधी हाक निघालेली नाही. आणि निघाली असती तरी ती ऐकणार कोण होतं? दोरीवर माझं लाल लुगडं वाळत होतं. ते ओढलं, दोन्ही हातांनी वर धरलं आणि डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे हलवलं.

मामाजी ताठ झाले. कुदळ टाकली आणि बांधावरून पळत सुटले. सहा मिनिटांचा रस्ता किती मिनिटांत आले ते त्यांनी मोजलं नसावं. दारात येऊन धापा टाकत म्हणाले, "कोनाचा हुकला?"

मी ओसरीकडे बोट केलं. त्यांनी मामींना उचलून नीट निजवलं. मग बाजेवर पडलेल्या लाटण्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मामीच म्हणाल्या, "वारा उलटा होता."

त्या दिवसापासून ताट वाजलं की मी लुगडं हलवू लागले. ह्याबद्दल आमच्यात एक शब्द झाला नाही. एवढंच झालं की मामाजी सगळी कामं तळ्याकडे तोंड करून करायला लागले. निंदताना माणूस पुढे सरकतो. ओळ तिकडे जात असली की मामाजी उलटे, मागे मागे सरकत निंदायचे. गावात हसं झालं. "हवालदार रिव्हर्समंदी पडला," असं पोरं म्हणायची. मामाजी म्हणायचे, "फौजेत असंच करतात."

मग प्रकाश आला. त्याला कोणीतरी फोनवर सांगितलं होतं की आई बाजेवरून पडली. तो आला तो ठरवूनच. चहाही न घेता वडिलांबरोबर पलीकडच्या शेतात गेला. तिथे काय झालं ते मला मामींनी नंतर सांगितलं, काही मी इथून पाहिलं.

त्याने वडिलांना तळ्याकडे पाठ करून उभं केलं आणि कपाशीबद्दल बोलायला लागला. खिशात मोबाईल चालू होता. मध्येच त्यात हळूच म्हणाला, "आई, वाजव."

मामींनी ताट वाजवलं. इतकं वाजवलं की वाफ्यातले बगळे उडाले. मी दगडावर होते. हात आपोआप लुगड्याकडे गेला आणि मी उभी राहून ते हलवायला लागले. मग दिसलं की मामाजींची पाठ आहे. तरी मी थांबले नाही. थांबून काय करणार होते?

मामाजी प्रकाशकडे बघत होते. ताट वाजलं तसे प्रकाशचे डोळे क्षणभर तळ्याकडे वळले. तेवढं त्यांना पुरलं. भोकं शोधण्यात जन्म गेला होता.

"तुह्या मायनं ताट वाजवलं," ते म्हणाले. "चाल, पाहू काय पायजे."

प्रकाश हसला. त्याने वडिलांच्या खांद्यावर हात ठेवला. "बाबा, कान तं ठीक हाय तुमचे! लोक काईबी सांगतात."

झालं होतं. सामान बांधायचं टळलं होतं. मामाजी वळले आणि त्यांना समोर मी दिसले. उभी, दोन्ही हात वर आणि लाल लुगडं डावीकडून उजवीकडे.

ते तिथेच थांबले. मी इथून पाहत होते. मला वाटलं, पाय मुरगळला. मग लक्षात आलं आणि मी लुगडं झटकन खाली घेतलं. पण त्यांनी पाहिलं होतं.

दोघं वळसा घालून ओसरीवर आले. मी घरात पळणार होते, पण मामाजी म्हणाले, "सूनबाई, थांबा." मग प्रकाशला म्हणाले, "झेंडी हालली. हुकला."

"काय हुकलं, बाबा?"

"मले ताट ऐकू नाई आलं. तुह्ये डोये फिरले, म्हून समजलं. वरीस झालं, नाई ऐकू येत. कपड्याचा धप बी नाई. हात वर करतो तो नुसता हिशोबानं करतो." ते ओसरीच्या पायरीवर बसले. "खोटं भोक दाखवलं मी. बावीस वर्षांत नाई दाखवलं, ते आता दाखवलं."

मामी कडाडल्या. "अवो, तुमाले पेन्सिल खुपसता येत नाई का वो एकदा तरी!" आणि पदर तोंडाला लावला.

प्रकाशने विचारलं, "मंग इतके दिवस तुमी येत कसे होते?"

मामाजींनी माझ्याकडे बोट केलं. माझ्या हातात ते लुगडं होतंच. लपवायला जागा नव्हती.

"मी त्या जाग्यावर आलो, प्रकाश," मामाजी म्हणाले. "आवाज पुढं निंगून गेला. डगमगतो. पन आडवा नाई झालो अजून."

प्रकाशने देव्हाऱ्याकडे पाहिलं. संध्याकाळी त्याने माझ्या दगडाजवळ एक उंच बांबू रोवला, वर कप्पी बसवली आणि दोरीला लाल कापड बांधलं. दोरी ओढली की कापड वर. म्हणाला, दिवाळीपर्यंत पाहू.

पुढच्या खेपेला त्याने कानाचं यंत्र आणलं. मामाजी ते घरात लावतात, मामींचं बोलणं ऐकतात आणि म्हणतात की ह्याच्यापेक्षा खंदक शांत होता. शेतात जाताना काढून डबीत ठेवतात. त्यात सगळे आवाज एकदमच येतात, म्हणे, कोण किती लांब ते समजत नाही.

मी रोज दगडावर बसते. मामाजी पलीकडे उभे राहतात, पण आता हात वर करत नाहीत. कपडा आपटला की तो आवाज त्यांच्याजवळून पुढे शेतात निघून जातो आणि ते नुसते पाहत असतात. पहिले काही दिवस मला ते बघवत नव्हतं.

आता मी कपडा जरा जास्त उंच उचलते.